चार घरांच्या सह्या

गुरुजींनी फॉर्म हातात घेतला नाही. फाटकाच्या खांबावर ठेवायला सांगितला. मी ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी त्यावर एक दगड ठेवला, चष्मा लावला आणि वाकून वाचायला लागले. फाटक बंद होतं. ते आत, मी बाहेर.

"पूर्ण नाव?"

नाव फॉर्मवर लिहिलेलं होतं. तरी सांगितलं.

"हे आडनाव दोन्हीकडं असते," ते म्हणाले. "गाव कोणतं?"

मी गाव सांगितलं. बाभुळगावपासून जवळ आहे.

"गावात घर कोणत्या बाजूले?"

आमच्याकडे जात थेट विचारत नाहीत. घर कोणत्या बाजूला आहे ते विचारतात. मी म्हटलं, "बुद्धविहाराजवळ." त्यांनी मान हलवली. फळ्यावरचं गणित सुटल्यावर मास्तर हलवतात तशी.

मी पेन पुढे केला. तो माझ्या हातातच राहिला. त्यांनी खिशातून स्वतःचा काढला. फॉर्मवर दोन रकाने होते, 'हरकत नाही' आणि 'हरकत आहे'. त्यांनी दुसऱ्यात खूण केली. पुढं 'कारण' असा रकाना होता. त्यात वळणदार अक्षरात लिहिलं: राहणीमान जुळत नाही. सही केली, तारीख घातली, दगड उचलला.

"राग मानू नको बाई. नियम सगळ्यांले सारखा आहे."

मी म्हटलं, "थँक यू, सर."

हे मी म्हटलं. ते गाळून पुढं जाता येणार नाही. मी एका दैनिकाची तालुका प्रतिनिधी आहे. मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना उभं राहून प्रश्न विचारले आहेत. आपल्या शेजारी राहायला ही लायक नाही असं ज्यानं लेखी दिलं, त्याचे मी आभार मानले.

नियम असा सांगितला जात होता. निवासी लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, एका कुटुंबातले नसलेल्या लोकांना मिळून घर किंवा खोली भाड्यानं द्यायची असेल, तर लगतच्या चार घरांच्या सह्या आणायच्या. डावं, उजवं, समोरचं, मागचं. दोघांनी हरकत घेतली तर परवानगी नाही. परवानगीशिवाय भाडेकरू ठेवले तर मालकाला नोटीस, मग नळ बंद. ठराव नगर परिषदेचा. शहराचं नाव मी लिहीत नाही. जिल्हा यवतमाळ.

आमच्या मालकीणबाईंना अशी नोटीस आली होती. पंधरा दिवसांची. त्यांना आम्ही काकू म्हणतो. नवरा एसटीत ड्रायव्हर, बहुतेक दिवस बाहेरच. घरामागून जिना, वर एक खोली, एक ओटा, एक न्हाणी. तिथं आम्ही दोघी राहतो. मी आणि संगीता. संगीता खासगी दवाखान्यात नर्स आहे, दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यातली.

या खोलीच्या आधी मी सात खोल्या पाहिल्या होत्या. फोनवर "खोली आहे, या" असायचं. समोर जाऊन आडनाव, गाव, घराची बाजू सांगितली की खोली कालच गेलेली असायची. ज्या दोन मिळाल्या, तिथं बाबासाहेबांचा फोटो पेटीत कपड्यांखाली ठेवून राहिले. काकूंच्या खोलीत पहिल्यांदा भिंतीला खिळा ठोकला. काकूंनी खालून आवाज ऐकला आणि एवढंच म्हणाल्या, "प्लास्टर पाडू नको व." खोली गेली तर पुन्हा नववी शोधायची. ती मिळाली नाही तर गावाकडून रोज जाणं-येणं, आणि शेवटची बस सहाला निघते. पेपरची पानं त्यानंतर लागतात, तोवर कार्यालयात थांबावं लागतं. म्हणजे नोकरीही गेली.

काकूंनी नोटीस आमच्या हातात दिली. म्हणाल्या, "पोरींनो, मायी काहीच तक्रार नाही. पण नळ तोडला तर मी काय करू? सह्या आणा, बस."

नोटिशीला एक कात्रण टाचलेलं होतं. दोन कॉलम, चौकटीत. 'निवासी भागातील भाडेकरूंना चाप, नागरिकांना दिलासा'. खाली लिहिलेलं, 'प्रतिनिधी'.

तो प्रतिनिधी म्हणजे मी.

तालुक्याची बातमी कशी होते ते सांगते. प्रेसनोट मोबाइलवर येते. चारच्या आत मजकूर पाठवायचा असतो. पहिलं वाक्य उचलायचं, सरकारी शब्द सोपे करायचे, मथळा द्यायचा. जागा कमी असली तर खालून कापायचं. बातमी खालूनच कापतात. महत्त्वाचं सगळं वर असतं, असं पहिल्या दिवशी शिकवतात. त्या दिवशी कापूस खरेदी केंद्रावर गोंधळ झाला होता, मोठी बातमी ती होती. ही मी उभ्या उभ्या लिहिली. लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

कात्रण मी पुन्हा वाचलं. भाडेकरू आणि नागरिक. दोन शब्द, दोन वेगळ्या माणसांसाठी. चाप एकांना, दिलासा दुसऱ्यांना. लिहिणारी स्वतः भाड्याच्या खोलीत बसली होती आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

तरी मी सह्या आणायला निघाले. पहिलं घर गुरुजींचं, आमच्या डावीकडचं. ते निवृत्त मुख्याध्यापक, लेआउट समितीचे सचिव. तिथं काय झालं ते वर लिहिलं आहे.

उजवीकडं रिकामा प्लॉट. कंबरभर गाजरगवत. मालक नागपूरला, नाव कोणाला धड माहीत नाही.

मागचं घर कृषी केंद्रवाल्यांचं. त्यांच्या बाईंनी अंगणात खुर्ची दिली. पाणी विचारलं नाही, पण हसून बोलल्या.

"आमची काहीच हरकत नाही व. तुम्ही चांगल्या पोरी आहा. फक्त दोन गोष्टी पाहा. मटन-मच्छी शिजवू नका. वास सीधा आमच्या देवघरात येते. आन् चौदा एप्रिलले गच्चीवर झेंडा-बिंडा लावू नका. लेआउट आहे ना हे."

त्यांनी 'हरकत नाही' वर खूण केली आणि पुढं लिहिलं, 'अटींवर'. मी "बरं" म्हटलं. एका सकाळी दुसऱ्यांदा नमतं घेतलं.

समोरच्या घरात तिघं राहतात. तिघंही बँकेत. एक अकोल्याचा, एक लातूरकडचा, तिसरा परराज्यातला. कोणी कोणाचा नातेवाईक नाही. अकोल्याचा तोंडात ब्रश घेऊन बाहेर आला.

"आम्ही भी किरायानंच राह्यतो ताई. आमची सही चालते का?"

"तुमच्या मालकाला नोटीस नाही आली?"

"कायची नोटीस?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. 'हरकत नाही' वर खूण करून त्यानं सही दिली. परत येताना गुरुजी झाडांना पाणी घालत होते. मी रस्त्यावरून विचारलं, "सर, समोरचे तिघं एका कुटुंबातले आहेत का?"

"ते साहेब लोक आहेत," गुरुजी म्हणाले. पाइप त्यांनी दुसऱ्या कुंडीकडे वळवला.

दुपारी तीनला संगीता ड्यूटीवरून आली. चप्पल काढायच्या आधी तिनं फॉर्म वाचला.

"राहणीमान?" ती म्हणाली. "अवं, दर शनवारी या गुरुजीचं बीपी मीच मोजतो. फाटकाच्या आत जाऊन, सोफ्यावर बसून. एकशे साठच्या खाली येत नाही बुढा. हात हातात देते तवा बरं जुळते राहणीमान!"

मी हसले नाही.

"तू काय म्हणली त्याले?"

"थँक यू म्हटलं."

ती मोठ्यानं हसली. मग माझ्याकडे पाहून थांबली.

"कायले?"

मी फाटकापासूनचं सगळं तिला सांगितलं. ती पलंगावर बसली आणि पायातले मोजे काढायला लागली.

"आमच्या तांड्यातबी बाहेरचं माणूस ठेवाचं तं नायकाले इचारा लागे. पण नायक पैले पानी पाजे, मंग इचारे. आन् हे पाहा, फाटकबी उघडलं नाही." कात्रण तिनं बोटानं टिचकी मारून बाजूला सारलं. "तू पेपरवाली ना व? हे कागदं कायले घेऊन बसली? नियम वाच ना. खरा नियम कुठी लिवला हाय तो."

खरा नियम मी वाचलेलाच नव्हता. त्यावर बातमी लिहिली होती, त्याच्यासाठी दारोदार फिरले होते, आणि वाचला नव्हता.

सोमवारी नगर परिषदेत गेले. बांधकाम विभागातले बाबू ओळखीचे. बातम्यांसाठी जाते तेव्हा चहा सांगतात.

"या मॅडम. काय विशेष?"

"आज अर्जदार म्हणून आले आहे."

त्यांना गंमत वाटली. फॉर्म पाहिल्यावर ती गेली. म्हणाले, "रिकाम्या प्लॉटची सही नाही याच्यावर."

"मालक सापडत नाही."

"सही नाही म्हणजे हरकत धरतो आम्ही."

म्हणजे गाजरगवतालाही आमची हरकत होती. गुरुजी एक, गवत दोन. अर्ज तिथंच संपला होता. मी म्हटलं, मला मूळ ठराव पाहायचा आहे.

"प्रेसनोट पाठवलती ना तुम्हाले."

"प्रेसनोट नको. सभेच्या नोंदवहीतला ठराव."

त्यांनी नोंदवही काढायला वेळ लावला, पण काढली. मी उभ्यानं वाचलं. पाच परिच्छेद होते. चार मला माहीत होते. पाचवा असा होता: सदर ठराव प्रारूप स्वरूपाचा असून, वृत्तपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत नागरिकांकडून हरकती व सूचना मागविण्यात याव्यात व त्यांचा विचार केल्यानंतरच अंमलबजावणी करावी.

प्रारूप. म्हणजे नियम अजून झालेलाच नव्हता.

प्रसिद्धीचा पुरावा म्हणून त्या पानाला एक कात्रण चिकटवलेलं होतं. दोन कॉलम, चौकटीत.

मी मोबाइलवर जुनी प्रेसनोट उघडली. चार परिच्छेद. चौथ्यात हेच होतं, हरकत कुठं द्यायची, किती दिवसांत द्यायची. तो परिच्छेद मी कापला होता. तिसऱ्या परिच्छेदात 'प्रस्तावित' होतं, तिथं मी 'लागू' केलं होतं. एक शब्द बदलला, पाच ओळी कापल्या.

"किती हरकती आल्या?" मी विचारलं.

"एकबी नाही."

"लोकांना कळणार कसं?"

"पेपरात आलं ना मॅडम. तुमच्याच पेपरात." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता.

"नियम लागू नाही तर फॉर्म कसे वाटता? नोटिसा कशा काढता?"

"फॉर्म समितीवाल्यांनी टाइप करून आणले. पेपरात 'लागू' म्हणून आलं, समित्या तक्रारी घेऊन याले लागल्या, साहेबानं म्हटलं द्या शिक्का मारून. तं देऊन राह्यलो आम्ही."

मी दिवस मोजले. हरकतीच्या मुदतीचे चार दिवस उरले होते.

बाहेर येऊन जिल्हा कार्यालयाला फोन लावला. ब्युरोचे प्रमुख शांतपणे ऐकतात, तसं त्यांनी ऐकलं. मी शुद्धिपत्रक मागितलं. उद्याच्या अंकात, मुदत संपायच्या आत.

"चूक झाली असं आपणच सांगायचं? लेआउटवाले आपले वाचक आहेत."

"भाडेकरूही वाचक आहेत, सर."

"ते मालकाचा पेपर वाचतात. विकत घेत नाहीत." मग म्हणाले, "आणि एक लक्षात घे. यात तू पार्टी आहेस. स्वतःच्या खोलीसाठी पेपर वापरता येत नाही."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते नियमाला धरून होतं. दिवसभर त्याचा विचार केला. समितीनं ठरावाची मागणी केली, समितीच्या सचिवांची प्रेसनोटमधली प्रतिक्रिया बातमीत छापली, तेव्हा ते पार्टी नव्हते. ते नागरिक होते. पार्टी मी होते. तटस्थ बातमी म्हणून मी जे काही शिकले, त्यात मला उभं राहायला जागा ठेवलेलीच नव्हती आणि ते मला इतक्या वर्षांत समजलं नव्हतं.

पाचच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. गुरुजी. ते याआधी कधी वर आले नव्हते. बाबूंनी त्यांना सांगितलं असणार. दारात उभे राहून त्यांनी खोली पाहून घेतली. भिंतीवरचा फोटो, ओटा, दोन पलंग. संगीता आत भाजी चिरत होती.

"तू प्रेसची आहेस, हे आधी काहून नाही सांगितलं?" ते म्हणाले. आवाज मऊ होता. "हे पाहा बाई, एकटी बाई राहत असली तर ती या नियमात बसतच नाही. तू राहा. मी समितीत सांगतो. त्या नर्सले दुसरीकडं पाहू दे. तिची ड्यूटी कधीबी असते, लोकं बोलतात."

आतला सुरीचा आवाज थांबला.

एक क्षण मला ते बरं वाटलं. तेही लिहिते. एक क्षण वाटलं, संगीताला दवाखान्याजवळ खोली मिळेल, तिचं काही अडणार नाही, माझं मात्र अडेल. इतकं सोपं होतं. त्यांनी मला फाटकाच्या आत घ्यायची तयारी दाखवली होती, फक्त मागून येणाऱ्या बाईसाठी फाटक मी लावून घ्यायचं होतं.

"सर, मला तुमची सही नको," मी म्हटलं.

"रागानं बोलू नको."

"रागानं नाही. सही मागायला मी यायलाच नको होतं. ती द्यायचा तुम्हाला अधिकार नाही आणि नाकारायचाही नाही. असा नियम अजून झालेला नाही."

"पेपरात आलं आहे."

"पेपरात चूक आलं. मी लिहिलं ते."

गुरुजी वळले. जिना उतरताना कठड्याला हात धरून उतरत होते. संगीता ओट्यापासून ओरडली, "गुरुजी, शनवारी बीपी मोजाले तुम्हीच या वरते! अन् मीठ कमी खा!"

त्याच दिवशी मी हरकत लिहिली. एक पान. पहिल्या वाक्यात माझ्या बातमीतली चूक. मग एवढंच: जो माणूस कायद्यानं भाड्याची जागा घेतो त्याला शेजाऱ्याची संमती लागू नये, आणि संमतीच्या नावाखाली काय विचारलं जातं ते सोबतच्या फॉर्मवर वाचावं. फॉर्म जोडला. 'राहणीमान जुळत नाही' खाली मी काही लिहिलं नाही. ते अक्षर पुरेसं स्पष्ट होतं.

पुढचे तीन दिवस संगीता आणि मी लेआउटमधल्या, बाजूच्या दोन वस्त्यांमधल्या भाडेकरूंकडे गेलो. कंत्राटी शिक्षक, फार्मसीचे विद्यार्थी, मोबाइल कंपनीत फिरतीवर असलेली पोरं. बहुतेकांना फॉर्म माहीत होता. हरकत देता येते हे एकालाही माहीत नव्हतं. काहींनी सही दिली. काही म्हणाले, "ताई, मालक नाराज होईन." एकानं माझ्या हातातून कागद घेऊन पूर्ण वाचला आणि विचारलं, "ती बातमी तुमची होती?" मी हो म्हटलं. त्यानं सही केली नाही. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

पलीकडच्या गल्लीत झरी जामणीच्या दोन कोलाम आदिवासी मुली राहत होत्या. कॉलेजात पहिल्या वर्षाला. आम्ही गेलो तर खोलीला कुलूप होतं. मालकीण म्हणाली, "चार घरांपैकी एकानंबी सही नाही देली. रडल्या बिचाऱ्या. गेल्या गावी. परीक्षेले येतीन म्हणे." परीक्षेला येतील की नाही, तिला माहीत नव्हतं. मलाही नाही. नियम झालेला नव्हता आणि त्या गेल्या होत्या. त्यांना घालवणारी पाच ओळींची कापाकापी माझी होती. गुरुजींच्या फाटकावर माझा जो अपमान झाला, तो मी या दोघींच्या शेजारी ठेवून पाहते, तेव्हा तो मला सगळ्यात मोठा वाटत नाही.

चौथ्या दिवशी हरकती दाखल केल्या. प्रत्येकीची वेगळी पोच घेतली. बाबू म्हणाले, "सगळ्यांची मिळून एक देतो." मी म्हटलं, एकेकाची द्या. त्यांनी तास लावला. मी उभी राहिले.

शुद्धिपत्रक छापलं गेलं नाही. नगर परिषदेच्या बातम्या आता दुसरा प्रतिनिधी पाहतो. मला शेतमालाचे भाव दिले आहेत. म्हणून हे इथं लिहिते आहे, बातमी म्हणून नाही.

नोटिशीचे पंधरा दिवस संपले आणि नळ बंद झाला. काकूंचाही आणि आमचाही. काकू दोन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. त्यांनी "खोली सोडा" म्हटलेलं नाही. "राहा" असंही म्हटलेलं नाही. संगीता हापशीवरून पाणी आणते, आधी काकूंची घागर भरते, मग आमची बादली. आईची, तिच्या याडीची, आठवण काढून म्हणते, "मायी याडी डोक्यावर दोन हंडे घेऊन टेकडी चढे. नळाचं भेव कोणाले दाखवता बाप्पा!" ती हे विनोदानं म्हणते, पण तिचे खांदे दुखतात, हे मला माहीत आहे.

सुनावणीची तारीख मिळालेली नाही. ठराव रद्द होईल, की मागच्या दारानं पुन्हा येईल, मी सांगू शकत नाही. लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमच्या जिन्याचा फोटो फिरतो आहे, असं बँकेतल्या अकोल्याच्या मुलानं सांगितलं. त्यानं हरकतीवर सही मात्र केली. तिघांनीही केली.

खोली आम्ही सोडणार नाही. सह्या गोळा करायला पुन्हा कोणाच्या फाटकाशी जाणार नाही, अटींवरची सही घेणार नाही, मटन शिजवायचं त्या दिवशी शिजवू. बाहेर काढायचं असेल तर नगर परिषदेनं लेखी आदेश काढावा, ज्यानं काढला त्याचं नाव आणि हुद्दा त्यावर असावा, आणि तो आदेश दोघींच्या नावानं असावा. एकीच्याच नावानं आला, तर दुसरी तो घेऊ देणार नाही.